गोमंतकाच्या नद्या व गोमंतकाचा इतिहास

भारताच्या नकाशावर गोवा शोधावयास बसलात तर तो बोटाच्या पेराखाली झाकून जातो. क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. आपल्या देशातील सर्व राज्यांत ते सर्वांत लहान. शेजारचा सिंधुदुर्ग हा महाराष्ट्राचा केवळ एक जिल्हा, परंतु तोसुद्धा गोव्याहून मोठा आहे. २०११ च्या शिरगणतीत या राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. एवढ्याशा भूमीविषयी शिकण्यासारखे ते काय असणार, असे कोणी म्हणेल. पण कदंब, विजयानगर, बहामनी, आदिलशाही, पोर्तुगीज, मराठे, इतक्या सत्तांनी ज्या भूमीसाठी रक्त सांडले, ती भूमी लहान असली तरी क्षुल्लक खास नव्हे.

सुट्टी लागली म्हणजे अनेक कुटुंबे गोव्यास जातात. जातात म्हणजे समुद्रावर जातात, वाळूत बसतात, छायाचित्रे काढतात व परत येतात. त्यात गैर काहीच नाही. समुद्र सुंदर आहे व लेकरांस तो आवडतो. तथापि आमचे म्हणणे असे आहे की, किनारा ही गोव्याची केवळ ओसरी होय. घर आत आहे, आणि ते नद्यांच्या काठी आहे. गोव्यात कोठे चर्च दिसते व कोठे देऊळ, कोठे भात पिकते व कोठे मीठ, जुनी राजधानी ओसाड का पडली व नवी कोठे वसली, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे नदीपाशी मिळतात. म्हणून आजचा धडा आपण नदीच्या वाटेने करू.

प्रथम पाटी किंवा कागद घ्या. उजवीकडे सह्याद्रीची एक वाकडी भिंत काढा, डावीकडे समुद्राची रेघ ओढा. या दोहोंमधील अंतर सुमारे ६५ किलोमीटर. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर. पाठ्यपुस्तके किनाऱ्याची लांबीही १०५ किलोमीटरच सांगतात, पण नद्यांच्या मुखांतील आतबाहेर वळणे मोजू लागलात तर ती पुष्कळ अधिक भरते. आता सह्याद्रीकडून समुद्राकडे रेघा ओढा. उत्तरेस, महाराष्ट्राच्या सीमेवर, तेरेखोल, तिच्या खाली शापोरा, मग मांडवी, मग जुवारी, आणि दक्षिणेस साळ, तळपण व गालजीबाग. यांपैकी मांडवी व जुवारी या दोघी मोठ्या. त्यांची मुखे अगदी शेजारी आहेत, मध्ये काबो नावाचे एक टेकाड तेवढे आडवे पडले आहे. पुढे आत गेल्यावर कुंभारजुव्याच्या खाडीने या दोन नद्या एकमेकींस जोडल्या आहेत. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या: एका बाजूस समुद्र, दोन बाजूंस नद्या व चौथ्या बाजूस ही खाडी. तेव्हा मधला तिसवाडी हा भाग वस्तुतः बेट झाला. ज्या बेटावर पणजी व जुने गोवे ही दोन्ही नगरे आहेत, ते हेच. (कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, हेही येथेच सांगून टाकतो, म्हणजे मागल्या बाकांवरील मंडळींचे लक्ष राहील.)

मांडवीचा उगम गोव्यात नाही. ती कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील भीमगडच्या रानात उगम पावते, आणि तेथे तिला म्हादई म्हणतात. घाट उतरताना तिच्या खोऱ्यातील पाणी दूधसागरावर ३१० मीटर उंचीवरून कोसळते. पावसाळ्यात गोव्यावर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा या नद्या दुथडी भरून, तांबड्या होऊन वाहतात. पण आश्विन सरला की चित्र पालटते. पूर्वेकडून येणारे गोडे पाणी ओसरते आणि पश्चिमेकडून भरतीबरोबर खारे पाणी नदीत चढू लागते. ते मैलोगणती आत जाते. मग या सपाट, दलदलीच्या काठांवर माणसाने शेती कशी केली?

याचे उत्तर म्हणजे खाजण. आमच्या मते गोव्यातील पाहण्याजोग्या वस्तूंत खाजणाचा क्रमांक पहिला लागावा. परंतु प्रवाशांच्या माहितीपुस्तकांत बहुधा त्याचे नावही नसते. खाजण म्हणजे खाडीकाठची अशी सखल जमीन की, जी भरतीच्या पातळीहून खाली आहे, आणि जी बांध घालून माणसाने समुद्रापासून सोडवून घेतली आहे. बांध चिखलाचा, पेंढ्याचा व जांभ्या दगडाचा. त्या बांधात जागोजाग एक दार ठेवलेले असते, त्यास मानस म्हणतात. या मानसीची युक्ती मोठी मनोहर आहे. तिची लाकडी फळी अशी टांगलेली असते की, भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले म्हणजे ती आपोआप मिटते, आणि ओहोटी लागून आतील पाण्याचा जोर वाढला म्हणजे ती आपोआप उघडते. पहारेकरी नको, यंत्र नको. चंद्रच तिचा दरवान. पदार्थविज्ञानाच्या तासाला दाबाचा नियम शिकताना ज्यांस जांभया येतात, त्यांनी एकदा भरतीच्या वेळी मानसीपाशी उभे राहून पाहावे.

पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन निघाला म्हणजे खाजणात भात लावतात. खारे पाणी सोसणारी कोरगुट नावाची जुनी जात येथलीच. भात कापल्यावर त्याच शेतात बेताने खारे पाणी घेतात, आणि मासळी व कोळंबी तेथे वाढते. मानसीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरण्याचा हक्क लिलावात जातो व त्या पैशातून बांधाची डागडुजी होते. काही ठिकाणी मिठागरे आहेत. एकच जमीन, पण ती ऋतूप्रमाणे धान्य, मासळी व मीठ देते. अशी खाजण जमीन गोव्यात सतरा-अठरा हजार हेक्टर सांगतात.

आता विचार करा. एका माणसाने आपल्या शेतापुरता बांध घालून चालेल काय? मुळीच नाही. शेजाऱ्याचा बांध फुटला तर खारे पाणी तुमच्याही शेतात शिरणार. म्हणून ही शेती गावाने मिळून करावी लागते. त्यातून गोव्यात गावकरी ही संस्था निघाली. गावाची जमीन गावाची. ती भाग पाडून कसण्यास द्यावयाची. उत्पन्नातून बांध, देऊळ, वाटा यांचा खर्च करावयाचा व उरलेले गावकारांत वाटून घ्यावयाचे. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. आफोंसो मेशिया नामक अधिकाऱ्याने १५२६ मध्ये तिचे रिवाज लिहून काढले, त्या लेखास फोराल म्हणतात. पुढे पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिले. नाव बदलले, पण संस्था त्यांस मोडता आली नाही, कारण ती मोडली असती तर बांध फुटले असते.

राजघराण्यांची यादी आम्ही येथे देत नाही. थोडक्यात इतके सांगतो की, माणसाची वस्ती येथे फार प्राचीन आहे. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर कोरलेली बैल, हरिणे इत्यादिकांची चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली, आणि ती नदीच्या पुराने येणाऱ्या मातीखाली झाकली गेली होती म्हणूनच टिकली. भोज राजांचे चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, हेही कुशावतीच्याच काठी. कदंबांनी अकराव्या शतकात राजधानी चांदराहून जुवारीच्या मुखाजवळ गोपकपट्टणास आणली, कारण व्यापार जहाजांचा होता. कदंबकालीन शिल्प पाहावयाचे असेल तर सह्याद्रीच्या पायथ्याशी तांबडी सुर्ल येथील महादेवाचे काळ्या दगडाचे देऊळ पाहा. ते रानात, ओढ्याकाठी, लपल्यासारखे उभे आहे.

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा घेतला. मार्चात घेतला, मे महिन्यात आदिलशहाने परत जिंकला, आणि २५ नोव्हेंबरास आल्बुकेर्कने तो पुन्हा घेतला. त्यास होनावरकडचा तिमय्या या नौकानायकाचे साह्य होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण परीक्षेत ती बहुतेक जण चुकतात. पोर्तुगिजांनी १५१० साली आजचे गोवा राज्य जिंकले नाही. त्यांनी तिसवाडीचे बेट घेतले. १५४३ मध्ये उत्तरेस बारदेश व दक्षिणेस सासष्टी त्यांच्याकडे आली. या तीन महालांस जुन्या काबिजादी म्हणतात. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इत्यादी भाग त्यांच्या हाती लागले ते १७६३ ते १७८८ या काळात, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनंतर. त्या नव्या काबिजादी. मधली दोन शतके जुवारी, मांडवी व कुंभारजुव्याची खाडी हीच दोन राज्यांमधील सीमा होती.

ही सीमा केवळ राज्याची नव्हती. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील व १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे पाडण्यात आली. पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. त्यांतील काही मनापासून झाले, काही जमीन व मान राखण्यासाठी झाले, आणि काही भयाने झाले. ज्यांस ते नको होते त्यांनी रात्री होडीत देव घातले व नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये जुवारीपार प्रियोळास गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. ही तिन्ही ठिकाणे फोंड्याच्या मुलखात आहेत, आणि फोंडा त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या राज्यात होता. हिंदूंच्या देवांस मुसलमान राजाच्या भूमीत आसरा मिळाला. इतिहास हा एकरंगी नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही. आज पर्यटक विचारतात की, फोंड्याभोवतीच एवढी देवळे कशी? उत्तर नदीने दिले आहे.

१५६० मध्येच गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर ती १८१२ पर्यंत चालली. लग्नातील गाणी, पोशाख, अंगणातील तुळस, अशा घरगुती गोष्टींवरही तिच्या आज्ञा निघाल्या. आमचे शिक्षण ख्रिस्ती संस्थेत झाले आणि आम्ही स्वतः ख्रिस्ती आहो. म्हणून हा भाग वर्गात हळू आवाजात उरकून टाकणे आम्हांस मान्य नाही. ज्याने तरवार म्यानात घालावयास सांगितले, त्याच्या नावाने हे घडले. आमच्या हिंदू विद्यार्थ्यांनी हे आमच्या तोंडून ऐकावे, आणि आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनीही ऐकावे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, गोव्यातील आजच्या ख्रिस्ती शेतकऱ्यास किंवा मच्छीमारास त्याचा जाब विचारणे अन्याय होईल. तोही त्याच गावकारांचा वंशज आहे. जो बांध त्याच्या हिंदू पूर्वजाने घातला, तोच तो आजही लिंपतो.

साळ नदीच्या काठचा एक प्रसंग या काळाचे दोन्ही पैलू दाखवितो. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकारांनी, आपली देवळे मोडल्याच्या संतापाने, पाच येशूसंघी पाद्र्यांस व त्यांच्याबरोबरच्या काही लोकांस ठार केले. त्यानंतर पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या नायकांस बोलणे करावयाचे म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले व तेथे त्यांची कत्तल केली. मारल्या गेलेल्या पाद्र्यांस पुढे चर्चने हुतात्मे ठरविले; नायकांचे स्मारक कुंकळ्ळीत अलीकडे उभे राहिले आहे. प्रवाशाने दोन्हींची आठवण ठेवावी.

याच सासष्टीत त्या सुमारास एक इंग्रज पाद्री काम करीत होता. थॉमस स्टीफन्स हा १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला, आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत येथेच राहिला. त्याने लोकांची भाषा शिकली. केवळ बोलण्यापुरती नव्हे. आपल्या संतकवींचा ओवीछंद त्याने असा आत्मसात केला की, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्याच्या हातून झाले. जुन्या कराराची कथा पहिल्या पुराणात व नव्या कराराची दुसऱ्यात. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, पण रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. छापखाना मात्र गोव्यात त्याच्याही पूर्वीचा: १५५६ मध्ये जुन्या गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात सुरू झालेला छापखाना हा भारतातील पहिला. स्टीफन्सने कोकणी भाषेचे व्याकरणही रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापले गेले. मराठीची थोरवी गाणारा हा परदेशी मनुष्य आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपला जातो, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटते.

आणि आता दुसरी बाजू. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटी साधून खाडी उतरून जुव्याचे बेट व त्यावरील किल्ला घेतला. राजधानी तेथून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय प्रतिकारास गेला, त्याचा पराभव झाला व तो कसाबसा नदी उतरून परत आला. भयभीत होऊन त्याने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत ठेवला व शहराचे रक्षण त्याच्यावर सोपविले. मोगल शहाजादा मोठ्या फौजेनिशी घाट उतरत असल्याचे कळल्याने मराठे माघारी वळले आणि गोवा वाचला. याच व्हाइसरॉयने, कोंद द आल्व्होर याने, पुढच्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम कागदावर राहिला. कोकणी आजही घराघरात बोलतात. पोर्तुगीज बोलणारे मात्र शोधावे लागतात.

जुने गोवे हे नगर एके काळी वैभवाने गजबजलेले होते. मग साथी आल्या, पटकीच्या, हिवतापाच्या. दलदलीच्या काठी दाट वस्ती, विहिरींत मुरणारी घाण. माणसे मरू लागली व उरलेली सोडून गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीस राहावयास गेला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. आज जुन्या गोव्यात घरे थोडी व चर्च प्रचंड, असे विलक्षण दृश्य दिसते. १९८६ मध्ये युनेस्कोने या चर्चांस जागतिक वारशाच्या यादीत घातले. बॉम जेझूचे मंदिर १६०५ मध्ये पुरे झाले. त्यात झेवियरचे शव आहे, आणि साधारण दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात. मागील दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाले. या चर्चचा बाहेरील गिलावा १९५० नंतरच्या दशकात काढून टाकला. जांभा उघडा दिसतो तो त्यामुळे. दिसावयास ते सुंदर आहे, परंतु जांभा पावसात झिजतो, तेव्हा तसे करणे शहाणपणाचे होते काय, असा वाद आहे. आमचे मत गिलाव्याच्या बाजूस.

पणजीकडे जाताना रायबंदरपासून मिठागरांमधून गेलेला लांब बांधरस्ता लागतो. तो १६३३-३४ मध्ये बांधला आणि त्यावरून आजही वाहने धावतात.

पुढील राजकीय इतिहास तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळातील आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात सीमेवर निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजी घेतला, आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. आपल्याकडे तेव्हा अनेकांस ते लागले. परंतु दोन शतके नदीच्या दोन काठांवर निरनिराळे जगलेल्या लोकांनी मिळून एक निर्णय केला, ही गोष्ट लहान नव्हे. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. त्याच वर्षीच्या भाषाकायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली व मराठीच्या वापरासही मुभा राहिली.

आता नद्यांची आजची स्थिती. कुळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि अनेक गावी ती कोणाचीच राहिली नाही. लोखंडाच्या खनिजाने भरलेले पडाव वर्षानुवर्षे मांडवी-जुवारीतून ये-जा करीत. त्यांच्या लाटांनी बांध खचले. कित्येक ठिकाणी भातापेक्षा कोळंबीस भाव अधिक म्हणून बांध मुद्दाम फोडल्याच्याही तक्रारी झाल्या. एकदा खांड पडली व वेळीच बुजविली नाही तर दोन-चार वर्षांत शेताची खारफुटी होते. उगमाकडेही तंटा आहे. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवावे अशी कर्नाटकाची मागणी. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२, महाराष्ट्रास १.३३ व गोव्यास २४ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. निवाड्याने राज्यांचे समाधान झाले नाही व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. येथे प्रश्न केवळ पिण्याच्या पाण्याचा नाही. वरून येणारे गोडे पाणी जितके कमी, तितके खालून खारे पाणी अधिक आत चढते. मग मानस मिटून तरी काय उपयोग? हे गणित ज्या विद्यार्थ्यास समजले, त्यास वर्तमानपत्रातील म्हादईची बातमी समजेल.

पालकांस प्रवासाविषयी दोन शब्द. गोव्यास कोकण रेल्वेने जावे. मुलांस डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून नद्या मोजावयास सांगावे. भात पाहावयाचे असेल तर श्रावण-भाद्रपद, मिठागरे पाहावयाची असतील तर फाल्गुन-चैत्र. चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तेथे हिवाळ्यात सकाळी ओहोटीच्या वेळी जावे. मंगेशी येथे सात मजली दीपस्तंभ व घुमटाचे शिखर पाहावे. हिंदू देवळावर युरोपीय बांधणीची छाया कशी पडली ते मुलांस आपण होऊन ओळखू द्यावे.

आणि एक पुरा दिवस दिवाडी बेटासाठी राखावा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे उतरावयास काही मिनिटेच लागतात. बेटाच्या मध्यावर पिएदादचे चर्च टेकडीवर आहे. तेथून मांडवीची वळणे, खाजणांचे हिरवे चौकोन, बांधांच्या रेघा व पैलतीरी जुन्या गोव्याचे मनोरे, असे सर्व काही एकदम दिसते. आपण पाटीवर काढलेला नकाशा तेथे प्रत्यक्ष पसरलेला आहे. तेथून बेटाच्या दुसऱ्या टोकास नार्वे गाव. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे देऊळ या बेटावर होते. ते बहामनींनी मोडले, विजयानगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा बांधले, पोर्तुगिजांनी पुन्हा मोडले. तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार डिचोलीच्या मुलखात नेले. त्या पलीकडच्या गावाचेही नाव नार्वेच. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. दारावरील शिलालेख मुलांस वाचावयास लावा. बेटावरील नार्व्याहून नदीपारच्या नार्व्यास जाण्यासाठी आजही फेरीबोट आहे, आणि शेवटची बोट केव्हा सुटते हे मात्र जातानाच धक्क्यावर विचारून ठेवावे.